शेवटची सोंगटी

कमलनं तिसऱ्यांदा तिची शेवटची सोंगटी न मारता सोडली, तेव्हा काशम्माची खात्री पटली की पलीकडे अक्काच आहे.

जेवण उरकून, जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पंख्याखाली सतरंजी टाकून ती फोनवर चौकाबारा खेळत होती. लहानपणी चिंचोके फोडून जमिनीवर खेळायचा तोच खेळ. पंचवीस घरांचा पट, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. त्या बाहेरच्या घरांतून फिरवत आणायच्या, वाटेत दुसऱ्याची सापडली तर मारायची, आणि शेवटी मधल्या घरात पोचवायच्या. मारलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून चालायला लागते. काशम्माच्या तीन पोचल्या होत्या. चौथी मधल्या घरापासून दोन घरं अलीकडे होती आणि तिच्या मागे कमलची सोंगटी टपून बसली होती. कमलला तीन पडले. नेमके तीनच हवे होते. कमलनं ती सोंगटी हलवलीच नाही. पटाच्या दुसऱ्या टोकाची, जिला कसलीच घाई नव्हती अशी सोंगटी तिनं तीन घरं पुढे नेली.

पुढच्याच पाळीला काशम्मा जिंकली. पडद्यावर फटाके उडाले, मग डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात सुरू झाली. ती संपेपर्यंत काशम्मा फोन मांडीवर ठेवून बसून राहिली.

एकाची एकच सोंगटी उरली आणि ती घराजवळ आली, की तिला मारायचं नाही. ही रीत तिच्या माहेरची होती. अक्कलकोट तालुक्यातल्या नागणसूरला त्यांच्या घराबाहेरच्या कट्ट्यावर अप्पांनी शहाबादी फरशीत खिळ्यानं पट कोरला होता. त्यावर काशम्मा, तिची मोठी बहीण श्रीदेवी आणि कधी सवड मिळाली तर अव्वा, म्हणजे आई, एवढीच माणसं खेळायची. ही रीत गावात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती. लग्न होऊन काशम्मा सोलापुरात बाळीवेशीला आली, तिथं जावांना तिनं ती सांगितली तेव्हा त्या हसल्या आणि तिची सोंगटी मारून मोकळ्या झाल्या. म्हणजे ही रीत पाळणारी जगात तीनच माणसं. त्यातली अव्वा गेली. एक ती स्वतः. उरली श्रीदेवीअक्का.

आणि अक्का तिच्याशी बोलत नव्हती.

अव्वाचं शेवटचं दुखणं सोलापुरात निघालं. दवाखाना जवळ म्हणून ती काशम्माकडे होती, आणि काशम्माच्याच घरात गेली. अक्काचा निरोप आला होता, अव्वाला गावी आणा, शेतात अप्पांच्या शेजारी ठेवू. पण पावसाचे दिवस होते. ओढ्याला पाणी होतं. काशम्माचा नवरा चनबसप्पा म्हणाला, गाडी मध्येच अडकली तर काय करायचं? समाजाच्या दफनभूमीत, रुद्रभूमीत, इथंच विधी झाला. दुसऱ्या दिवशी ओढा उतरल्यावर अक्का आली, तेव्हा माती दिलेली होती. ती उभी राहिली, ओल्या मातीकडे बघितलं, आणि पाणीसुद्धा न घेता परत गेली. पुढं चनबसप्पा वारला तेव्हा अक्काची मुलं येऊन गेली. अक्का आली नाही.

मार्केट यार्डातलं अडत दुकान विकलं, मुलगा बसवेश नोकरीला पुण्याला गेला. काशम्माकडे दुपार उरली. सकाळ जाते, लिंगपूजा, स्वयंपाक, भाजीवाला. संध्याकाळी खाली बाकावर बायका असतात. दुपारचं कुणी नसतं. बसवेशनं दिवाळीत आला असताना फोनवर 'सोंगटी' नावाचं ॲप टाकून दिलं. "आई, बघ, तुझा खेळ," म्हणाला.

पहिल्या वर्षी ते ॲप वेगळं होतं. धारवाडच्या कुणी दोघा मुलांनी बनवलं होतं म्हणे. कुणाचाही नंबर टाकला की त्याला खेळायला बोलावता यायचं. खाली लिहायला जागा असायची. हुबळीची एक बाई तिला भेटली होती. ती खेळता खेळता कानडीत लिहायची, आज सुनेनं भाजीत मीठ दोनदा घातलं. मग एका मोठ्या कंपनीनं ते ॲप विकत घेतलं. रंग बदलले. दर डावाला जाहिरात आली. नंबर टाकायची जागा गेली, लिहायची जागा गेली. आता आठ-दहा ठरलेली वाक्यं होती, त्यातलं एक निवडून पाठवायचं. 'शाब्बास'. 'नशीब तुझं'. 'तुझी आठवण आली'. 'पुन्हा खेळू?' हुबळीची बाई कुठं गेली कळलं नाही. तिचा नंबर काशम्मानं घेतलाच नव्हता.

त्यानंतर कमल आली. नावापुढे कमळाचं चित्र आणि खाली 'तुमच्या जवळच'.

कमल दुपारी, काशम्माची भांडी घासून झाली की येई. कधी घाई करत नसे. एकदा काशम्माचं दूध उतू गेलं म्हणून ती उठून आत पळाली. तिची पाळी तशीच राहिली तर वेळ मोजणारं वर्तुळ भरत गेलं आणि ॲपनंच तिच्या वतीनं फासे टाकले. तेवढ्या वेळात कमलला तिचं वाटोळं करता आलं असतं. तिनं केलं नाही. नागपंचमीला कमलनं बांगड्यांचं चित्र पाठवलं. आणि त्याच श्रावणात, अव्वाची पुण्यतिथी होती त्या दिवशी, काशम्मानं दुपारी सहज उघडून बघितलं तर कमल नव्हती. त्या दिवशी कोण खेळेल?

हे सगळं तिनं मनात ठेवलं होतं. सांगितलं ते एकदाच, कीर्तीला.

कीर्ती समोरच्या फ्लॅटमध्ये आईवडिलांबरोबर राहायची. पुण्यातल्या एका गेम कंपनीसाठी ती घरून काम करायची, म्हणजे कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायची. जेवणाच्या सुट्टीत ती कधी कधी शेंगाचटणी मागायला यायची आणि सुट्टी संपेपर्यंत बसायची. काशम्माला फोनसमोर हसताना बघून तिनं विचारलं, तर काशम्मानं सगळं सांगितलं.

कीर्तीनं फोन हातात घेतला आणि कमळ बघितलं.

"काकू, रागावू नका. ही बाई नाहीये."

"मग बाप्या आहे का काय?"

"बाप्यापण नाही. कुणीच नाही."

"कुणीच नाही तर सोंगटी कोण हलवतंय?"

"कंपनी हलवते. म्हणजे कंपनीचा संगणक."

"कंपनीला दुसरं काम नाही का गं, भर दुपारी माझ्यासंगं खेळत बसायला?"

"तेच काम आहे तिचं," कीर्ती म्हणाली. "बघा, माणूस सारखा हरला की उठून जातो. उठून गेला की जाहिरात कुणाला दाखवायची? म्हणून दोनदा हरवायचं आणि तिसऱ्यांदा थोडक्यात सोडायचं. आमच्याकडे यावर मीटिंगा होतात. कितव्या डावाला सोडलं की माणूस जास्त वेळ बसतो, ते बघून ठरवतात."

"हे सोडणं तसलं नाही. शेवटची सोंगटी सोडते ती. बाकीच्या मारतेच की चांगल्या."

"शेवटची मारली की माणूस सगळ्यात जास्त चिडतो. म्हणून."

काशम्मानं फोन परत घेतला. "तू लहान हायस. तुला रीत माहीत नाही."

कीर्तीला वाईट वाटलं असावं, किंवा तिला तिथंच सोडून देववेना. तिनं आपल्या फोनवर तेच ॲप घेतलं आणि काशम्माशेजारी बसून मुद्दाम वाईट खेळायला लागली. एक डाव हरली. दुसरा हरली. तिसऱ्या डावाला तिची एक सोंगटी घराजवळ उरली. समोर गुलाब नावाची बाई होती, गुलाबाचं चित्र, 'तुमच्या जवळच'. गुलाबला नेमके हवे तेवढे पडले. गुलाबनं दुसरीच सोंगटी हलवली.

"बघितलं?" कीर्ती म्हणाली.

काशम्मानं चष्मा वर करून पडदा नीट बघितला. "ही पण आमच्या नागणसूरचीच दिसतेय की," ती म्हणाली.

कीर्ती फस्सकन हसली. काशम्माही हसली, पण ती आधी थांबली.

"आणि अव्वाच्या दिवशी आली नव्हती, ते?"

कीर्तीनं तारीख विचारून घेतली, फोनवर शोधलं. "काकू, त्या दिवशी दुरुस्तीसाठी ॲपवरचा खेळच बंद होता. सगळ्यांचा."

"असेल. पण ती आली नव्हती हे तर खरं ना?"

"मला एक सांगा," कीर्ती उठता उठता म्हणाली, "आधी नंबर टाकून ओळखीच्या माणसाला बोलावता यायचं म्हणता. ते कंपनीनं का काढलं असेल?"

"काय माहीत. बिघडलं असेल."

"बिघडलेलं नाही. दोन माणसं एकमेकांना सापडली की ती फोन करतात, घरी जातात. मग ॲप कशाला उघडतील?"

तिची सुट्टी संपली होती. चटणीची वाटी घेऊन ती गेली. दाराआडून थोड्या वेळानं तिचा कामाचा आवाज ऐकू आला, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

काशम्मानं कीर्तीचं म्हणणं खोडून काढलं नाही आणि मानलंही नाही. गुलाब खोटी असेल. म्हणून कमल खोटी ठरत नाही. बाजारात खोटी नाणी असतात म्हणून घरातली सगळी कुणी फेकून देत नाही. शिवाय अक्काचा स्वभाव तिला माहीत होता. अक्का समोर येऊन 'चुकलं' म्हणणार नाही आणि 'चुकलीस' म्हणायलाही येणार नाही. नातवाच्या फोनवर कमळाचं चित्र लावून ती येईल, आणि शेवटची सोंगटी सोडेल. एवढंच करेल. तेवढ्यावर ओळखायचं असेल तर ओळख.

हे असंच चाललं असतं. पण फेब्रुवारीत ॲपनं नवी सूचना दिली.

'कमलसोबतची मैत्री जपा! रविवारपर्यंत मैत्री पास घ्या. पास नसल्यास कमल इतर खेळाडूंना उपलब्ध होईल.' खाली दोन बटणं होती. 'आत्ता घ्या' आणि 'नंतर आठवण करून द्या'. काशम्मा नको म्हणायचं बटण शोधत राहिली. ते नव्हतं.

तिनं बसवेशला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता; नंतर त्यानंच केला.

"पास घ्यायचाय? घे की आई. मी इथून करतो, त्यात काय."

"तसं नाही रे. मी म्हणत होते, समजा ओळखीचंच माणूस असलं पलीकडं..."

"असेना का. तुझा वेळ जातो ना छान? मग झालं तर. किती महिन्यांचा करू?"

"थांब जरा. करू नको. मी सांगते."

"बरं. जेवलीस?"

"जेवले."

"औषध?"

"घेतलं."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ सूचनेकडे बघत होती. आपल्या सख्ख्या बहिणीला आपल्याजवळ ठेवायला कंपनीला पैसे द्यायचे, हे तिला पटेना. आणि द्यायचे नाहीत तर रविवारनंतर अक्का दुसऱ्या कुणाच्या तरी सोंगट्या सोडत बसणार, हे तर त्याहून पटेना. कमलला विचारायची सोय नव्हती. तिनं त्या ठरलेल्या वाक्यांतून पुन्हा पुन्हा शोधलं. 'तू कोण' असं एकही वाक्य त्यात नव्हतं. शेवटी 'तुझी आठवण आली' पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'तुझी आठवण आली'.

शनिवारी तिनं फोन पूर्ण चार्ज केला, कीर्तीच्या आईकडे किल्ली दिली आणि अक्कलकोटची एसटी धरली.

गाडी दर्शनाला निघालेल्या लोकांनी भरली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "स्वामींना चाललात?" काशम्मा "व्हय" म्हणाली. अक्कलकोटला सगळे एका बाजूला गेले, ती दुसऱ्या बाजूला. नागणसूरच्या वडाप जीपमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना ज्वारी काढणीला आली होती. ओढ्यावर आता पूल झाला होता. जीप त्यावरून वेग कमी न करता गेली.

घराला मुलगा नव्हता, म्हणून अप्पांनी अक्काला मामाच्या मुलाला देऊन जावयालाच घरी आणलं होतं. त्यामुळे अक्का राहायची ते माहेरचंच घर. कट्टा तोच. कट्ट्यावर सूप घेऊन अक्का तूर पाखडत बसली होती. केस सगळे पांढरे, कपाळावर विभूती, डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तो जाड चष्मा. घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं. सगळे रानात असणार.

काशम्मा समोर जाऊन उभी राहिली. अक्कानं मान वर केली, चष्मा सावरला, बघितलं. मग पुन्हा सूप हलवायला लागली.

"कुंद्रु," ती कानडीत म्हणाली.

काशम्मा कट्ट्याच्या कडेला टेकली. अक्कानं तांब्या पुढे सरकवला. ती पाणी प्यायली. तूर सुपात वर उडत होती आणि खाली पडत होती.

"डोळं कवा केलंस?" काशम्मानं विचारलं.

"दसऱ्याला."

"बारकं दिसतंय आता?"

"सुईत दोरा जात न्हाई. बाकी दिसतंय."

"आणि फोन? फोनवरचं दिसतंय?"

अक्कानं हनुवटीनं भिंतीतल्या देवळीकडे दाखवलं. तिथं रबर बँड लावलेला, बटणांचा जुना फोन होता. "हिरवं दाबलं की बोलायचं, तांबडं दाबलं की झालं. त्यात काय बघायचंय?"

"नातवाचा असंल की मोटा फोन."

"शिवूचा? त्यो हाताला लागू देत न्हाई कुणाला. शिकायला लातूरला हाय त्यो, दोन वर्सं झाली."

त्याच वेळी काशम्माच्या पिशवीत फोन थरथरला. तिनं काढून बघितला. दुपारची तीच वेळ होती. 'कमल तुमची वाट पाहत आहे.' समोर अक्का तुरीतला खडा निवडून बोटांनी बाजूला टाकत होती.

काशम्मानं फोन पालथा ठेवला.

"कोणाचा?" अक्कानं विचारलं.

"कुणाचा न्हाई."

"बसवेशचा असंल."

"न्हाई. कंपनीचा."

अक्कानं सूप खाली ठेवलं, हात झाडले. मग रानाकडे बघत म्हणाली, "अव्वाला तितं ठिवलीस."

"पाणी लई हुतं अक्का."

"दुसऱ्या दिवशी उतरलं."

"मला काय माहीत उतरंल म्हणून?"

"इचारायचं हुतं. ह्या ओढ्याचं पाणी कवा उतरतंय ते मला इचारायचं हुतं, तुझ्या नवऱ्याला न्हाई."

हे वाक्य अक्का इतकी वर्षं तोंडात धरून बसली असावी. बोलून झाल्यावर तिचे खांदे जरा खाली आले. तिनं पदरानं चष्मा पुसला.

"एवढं सांगायला आलीस काय, पाणी हुतं म्हणून?"

"न्हाई. चौकाबारा खेळायला आले."

अक्कानं तिच्याकडे रोखून बघितलं. "तुझं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?"

"हाय."

"बघ बाई." पण ती उठली. गुडघ्यावर हात देत आत गेली आणि मूठभर चिंचोके घेऊन आली. त्यातले दोन खलबत्त्याच्या दांड्यानं फोडून त्यांची चार डाळिंबं, म्हणजे चार फाका, केली, पांढरी बाजू वर आली का ते बोटानं बघितलं. अंगणातले चार खडे आपल्या सोंगट्या म्हणून घेतले, चार अख्खे चिंचोके काशम्मापुढे टाकले. कट्ट्यावरची तूर हातानं बाजूला सारली. खाली अप्पांनी कोरलेला पट होता. रेघा झिजल्या होत्या, एका बाजूची फुली, जिथं सोंगटी मारता येत नाही, ती तर अंदाजानंच समजून घ्यायची होती.

फोनवर फासे आपोआप पडायचे. इथं अक्का डाळिंबं मुठीत खुळखुळवायची, मध्येच थांबायची, शेजारच्या कोंबडीला हाकलायची, आणि मग टाकायची. एक डाळिंब उडून गटारीत गेलं. ते धुऊन आणेपर्यंत खेळ थांबला. अक्का मोजताना एक घर जास्त जायची. काशम्मानं धरलं तर म्हणाली, "डोळं कच्चं हायत माझं." दुसऱ्यांदा धरलं तर म्हणाली, "तू पोलीस हायस का गं?" काशम्मा हसली. तिच्या दोन मेल्या, अक्काच्या तीन. कितीतरी दिवसांनी तिला डाव संपेल याची भीती वाटली.

शेवटी काशम्माची एकच उरली. मधल्या घरापासून दोन घरं अलीकडे. तिच्या मागे तीन घरांवर अक्काचा खडा.

अक्कानं मूठ हलवली आणि टाकली. तीन पांढरी पडली.

अक्कानं खडा उचलला, एक, दोन, तीन असं टकटक करत नेला आणि काशम्माचा चिंचोका बोटानं पटाबाहेर उडवला.

"अक्का!"

"काय?"

"शेवटची मारत न्हाईत आपल्यात."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं म्हंजे? आपल्या घरची रीत हाय की ती."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि ते ठसक्यापर्यंत गेलं. ती तांब्यातलं पाणी प्यायली.

"रीत कसली आलीया येडे. तू हरलीस की सोंगट्या उधळून उठायचीस. तिकडं गोठ्यात जाऊन बसायचीस, जेवायला यायची न्हाईस. तू उठलीस की मी कुणासंगं खेळू? दोघीच तर हुतो. मग अव्वा मला डोळ्यानं खुणवायची, सोड तिची, बसू दे अजून."

काशम्मा उडालेल्या चिंचोक्याकडे बघत होती.

"मग आज का मारलीस?"

"सोडून सोडून काय झालं?" अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "उठून गेलीसच की."

कोंबडी परत आली आणि बाजूच्या तुरीत चोच घालायला लागली. दोघींपैकी कुणी तिला हाकललं नाही.

थोड्या वेळानं रानातून सून आली. तिनं चहा केला, काशम्माला वाकून नमस्कार केला, राहण्याचा आग्रह केला. अक्कानं केला नाही. शेवटची जीप जायच्या वेळेला ती काशम्मासोबत वेशीपर्यंत चालत आली. जीप सुरू झाली तेव्हा वाकून आत बघत म्हणाली, "तुझे चिंचोके कट्ट्यावरच हायत. किडायच्या आत ये."

जीप पुलावर आली तेव्हा काशम्माच्या लक्षात आलं की अक्काच्या त्या बटणांच्या फोनचा नंबर आपण घेतला नाही. मागं वळून बघितलं तर गाव दिसत नव्हतं.

अक्कलकोटहून सोलापूरच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. दर्शन करून परतणाऱ्यांच्या हातात प्रसादाच्या पिशव्या होत्या. दिवे लागायची वेळ होती. तिनं फोन काढला. बसवेशचा मेसेज होता.

'आई, पास घेऊन टाकला, पूर्ण वर्षाचा. सरप्राइज! आता रविवारचं टेन्शन नाही. निवांत खेळ.'

तिनं ॲप उघडलं. कमळाच्या चित्राभोवती आता सोनेरी कडं होतं. तिनं काही करण्याआधीच कमलचा निरोप आला, 'तुझी आठवण आली'. पट मांडला गेला.

ती खेळली. पहिल्यांदाच ती कमलकडे न बघता कमलच्या सोंगट्यांकडे बघत होती. कमल मोजताना चुकत नव्हती. तिचे फासे कुठंही उडून जात नव्हते. काशम्मा मुद्दाम वाईट खेळली. मारता येईल तिथं मारलं नाही, फुलीवर थांबायचं तिथं थांबली नाही. तरी तिच्या तीन सोंगट्या घरी पोचल्या. चौथी दोन घरं अलीकडे आली. मागं तीन घरांवर कमल.

कमलला तीन पडले. कमलनं दुसरी सोंगटी हलवली.

'तुमची पाळी', पडद्यावर आलं. काशम्मानं फासे टाकले नाहीत. बोट पडद्यापासून लांब धरून ती बसून राहिली. वर्तुळ हळूहळू भरत गेलं. भरून झाल्यावर ॲपनं तिच्या वतीनं फासे टाकले. दोन पडले. ॲपनंच तिची सोंगटी उचलली, दोन घरं चालवली आणि मधल्या घरात नेऊन ठेवली. फटाके उडाले. फोनच्या आवाजानं शेजारच्या बाईनं मान वळवली.

"जिंकलासा की ओ!" ती कौतुकानं म्हणाली.

"न्हाई," काशम्मा म्हणाली. "हरले. अक्कानं मारली."

बाईला काही कळलं नाही. ती जरा हसली आणि आपल्या प्रसादाच्या पिशवीची गाठ घट्ट करायला लागली.